कंपायलरची मुकी मुभा

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, एका कंपनीच्या ऑनलाइन प्लेसमेंट टेस्टमध्ये माझा प्रोग्राम दुसऱ्याच ओळीवर मेला. प्रश्न सोपा होता. दिलेल्या आकड्यांतला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा आकडा शोधायचा. लॉजिक बरोबर होतं, आजही मी ते तसंच लिहीन. पण ‘रन’ दाबल्यावर लाल अक्षरांत उत्तर आलं, की ‘कोनिओ डॉट एच’ नावाची फाइलच सापडत नाही. मी ती ओळ काढली. मग ‘क्लरस्कर’ कुठे आहे, अशी विचारणा झाली. तेही काढलं. मग ‘गेटच’. तोवर वेळ संपली. त्या प्रश्नाला मला शून्य मार्क मिळाले.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये ज्यांनी टर्बो सीवर हात बसवला, त्यांना हे तीन शब्द पाठ असतील. निळा पडदा, पिवळी अक्षरं, वर ‘व्हॉइड मेन’ आणि खाली ‘गेटच’. मी इलेक्ट्रॉनिक्सचा. आम्हाला सी म्हणजे हेच, असं वाटायचं. बोर्लंडचं टर्बो सी १९८७ मध्ये बाजारात आलं, डॉसवर चालणाऱ्या मशीनसाठी. आम्ही ते डॉसबॉक्सच्या खिडकीत चालवत होतो, म्हणजे आधी एका जुन्या संगणकाची नक्कल करायची आणि मग त्या नकलेत प्रोग्राम लिहायचा. त्याबद्दल कॉलेजला शिव्या देऊन झाल्या. कॅन्टीनमध्ये सगळेच देतात.

पण इतकी वर्षं कोड लिहिल्यावर माझा राग थोडा सरकला आहे. आता मला प्रश्न पडतो तो कंपायलरबद्दल. मी जे लिहितोय त्यातलं किती सी भाषेचं आहे आणि किती फक्त बोर्लंडचं आहे, हे त्या निळ्या पडद्याने मला तीन वर्षांत एकदाही का सांगितलं नाही?

एक्स्टेन्शन म्हणजे काय, आणि ते का असतं

आधी एक बारकावा. ‘कोनिओ’ ही लायब्ररी आहे. भाषेचं एक्स्टेन्शन म्हणजे त्याहून खोलातली गोष्ट: भाषेच्या स्टँडर्डमध्ये नसलेला शब्द किंवा रचना कंपायलरने आपल्या मनाने समजून घेणं. टर्बो सीमध्ये अशी एक्स्टेन्शन भरपूर होती. ‘निअर’, ‘फार’, ‘ह्यूज’ हे पॉइंटरचे प्रकार त्यांतलेच. ८०८६ प्रोसेसरची मेमरी ६४ किलोबाइटच्या सेगमेंटमध्ये वाटलेली असायची. आपल्या सेगमेंटबाहेर बोट दाखवायचं तर पत्ता वेगळ्या पद्धतीने लिहावा लागे. बी८०० या सेगमेंटकडे ‘फार’ पॉइंटर वळवून तिथे अक्षर लिहिलं, की ते थेट पडद्यावर उमटायचं. सीच्या स्टँडर्डमध्ये सेगमेंट ही कल्पनाच नाही. मग कंपायलर बनवणाऱ्याने काय करायचं? त्याने शब्द घडवला. मशीनचं वास्तव भाषेत मावत नव्हतं, म्हणून भाषेला ठिगळ लावलं. त्यात काहीच गैर नाही.

लॅबमधल्या ८०५१ मायक्रोकंट्रोलरचीही तीच गोष्ट. कीलच्या सी५१ कंपायलरमध्ये ‘एसबिट एलईडी = पी१^३’ असं लिहिलं, की पोर्ट एकच्या तीन क्रमांकाच्या बिटाला एलईडी हे नाव मिळतं. साध्या सीमध्ये ^ हे चिन्ह एक्सऑर करतं. इथे त्याचा अर्थच वेगळा. एसडीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये हेच सांगायचं तर शब्दाआधी दोन अंडरस्कोर लावून ‘एसबिट’ लिहायचं आणि बिटाचा पत्ता द्यायचा. मशीन तेच, बिट तोच, पण दोन कंपायलरांच्या दोन बोली.

त्या दोन अंडरस्कोरांना अर्थ आहे. अशी नावं सीच्या स्टँडर्डने कंपायलर बनवणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहेत. म्हणजे वाचणाऱ्याला ओळ पाहताक्षणी कळतं, की हा शब्द सीचा नाही, या कंपायलरचा आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुमच्या हातातला फोन

एक्स्टेन्शन म्हणजे जुनाट लॅबमधली भानगड, असं वाटत असेल तर हातातल्या फोनकडे बघा. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे, आणि लिनक्स कर्नल स्टँडर्ड सीमध्ये लिहिलेला नाही. तो लिहिला आहे ग्नू सीमध्ये, म्हणजे सी अधिक जीसीसी कंपायलरची एक्स्टेन्शन.

एक उदाहरण घेऊ. दोन आकड्यांतला मोठा आकडा देणारं ‘मॅक्स’ मॅक्रो. आपण सगळे ते असं लिहायला शिकतो: (अ) > (ब) ? (अ) : (ब). आता कोणी त्यात अ च्या जागी ‘आय++’ दिलं, आणि तेच मोठं निघालं, तर आय दोनदा वाढतं. मॅक्रो म्हणजे नुसती मजकुराची अदलाबदल, त्यामुळे अ जितक्या वेळा लिहिला तितक्या वेळा तो चालणार. जीसीसीने यावर दोन एक्स्टेन्शन दिली. ‘टाइपऑफ’ने समोरच्या गोष्टीचा टाइप विचारता येतो, आणि कंसात महिरपी कंस घालून अख्खा ब्लॉक एका किमतीसारखा वापरता येतो. मग अ ची किंमत एकदाच काढायची, एका तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि तुलना करायची. कर्नलमधली अशी कित्येक मॅक्रो या दोन पायांवर उभी आहेत. ती काढा म्हणणं म्हणजे जास्त चुका होणारा कोड लिहा म्हणणं.

‘टाइपऑफ’ शेवटी सी२३ मध्ये स्टँडर्डचा भाग झाला. त्याआधी ‘लाँग लाँग’ आणि दोन तिरप्या रेघांची कॉमेंट सी९९ मध्ये आली, निनावी स्ट्रक्चर सी११ मध्ये. कंपायलरांनी आणि प्रोग्रामरांनी हे सगळं आधी बरीच वर्षं वापरून पाहिलं होतं. कमिटीच्या टेबलावर कागदाआधी अनुभव येतो तो असा. स्ट्रक्चरच्या शेवटी शून्य लांबीचा अ‍ॅरे ठेवण्याची जीसीसीची युक्ती सी९९ ने थोडी वेगळी, जास्त स्वच्छ करून घेतली, आणि अलीकडच्या वर्षांत कर्नलमधले जुने शून्य-अ‍ॅरे एकेक करून त्या नव्या रूपात बदलले गेले. मला हा क्रम आदर्श वाटतो. आधी बोलीत शब्द येतो, रुळतो, मग प्रमाणात जागा मिळते, आणि मग बोलीतला जुना शब्द सावकाश मागे पडतो.

म्हणून ‘कंपायलरांनी सगळी एक्स्टेन्शन काढून टाकावीत, शुद्ध स्टँडर्ड तेवढं ठेवावं’ हे मत मला पटत नाही. ते बहुतेकदा ज्यांना हार्डवेअरला हात लावावा लागत नाही, त्यांचं असतं.

पण बिल कोण भरतं?

दुसऱ्या टोकाचं मतही तितकंच सोपं आहे: एकदा दिलं ते कायम द्या, कोणाचा कोड मोडू नका. ते ऐकायला उदार वाटतं. पण त्याची किंमत कोणीतरी मोजत असतं.

क्लँग हा कंपायलर जीसीसीनंतर कितीतरी वर्षांनी आला. त्याला लिनक्स कर्नल बांधायचा तर जीसीसीच्या बोलीची नक्कल करणं आलं. क्लँगने निवड केली. ‘एएसएम गोटू’ हे एक्स्टेन्शन, म्हणजे असेंब्लीच्या तुकड्यातून थेट सीमधल्या लेबलवर उडी, कर्नलला खरोखर लागतं. ते क्लँगने २०१९ मध्ये आवृत्ती ९ मध्ये घेतलं. पण स्ट्रक्चरच्या आत, चालत्या प्रोग्राममध्ये लांबी ठरणारा अ‍ॅरे ठेवण्याची जीसीसीची सोय क्लँगने नाकारली. फंक्शनच्या पोटात फंक्शन हेही नाकारलं. मग वाकावं लागलं कर्नलला. तसे अ‍ॅरे कर्नलमधून काढले गेले, आणि २०१८ अखेरपर्यंत लांबी न ठरलेले साधे अ‍ॅरेही गेले. गंमत म्हणजे हे साधे अ‍ॅरे सी९९ च्या स्टँडर्डमध्ये होते. कर्नलच्या मर्यादित स्टॅकवर ते धोक्याचे, म्हणून गेले. म्हणजे स्टँडर्डमधली एक गोष्ट बाहेर गेली आणि स्टँडर्डबाहेरच्या कित्येक राहिल्या. ‘स्टँडर्ड ते चांगलं, बाहेरचं ते वाईट’ हा हिशोब इथे चालत नाही.

या भांडणातून फायदा झाला. २०१७ मधल्या गुगलच्या पिक्सेल २ फोनचा कर्नल क्लँगने बांधलेला होता, आणि आज अँड्रॉइडचे कर्नल क्लँगनेच बांधले जातात. एकाच कंपायलरच्या खुंटीला बांधलेला कोड मोकळा झाला. क्लँगने सगळंच मुकाट्याने स्वीकारलं असतं, तर कर्नलमधले ते धोकादायक अ‍ॅरे कोणाच्या नजरेला इतके खुपले असते का, मला शंका आहे.

पोटातल्या फंक्शनचा मुद्दा तर थेट सुरक्षेचा आहे. अशा फंक्शनचा पत्ता दुसरीकडे द्यायचा झाला, की जीसीसी स्टॅकवर कोडचा एक छोटा तुकडा तयार करतो, आणि तो चालावा म्हणून स्टॅकवरची मेमरी ‘चालवण्याजोगी’ करावी लागते. स्टॅकवर कोड चालू न देणं हा हल्ले रोखण्याचा एक मूलभूत उपाय आहे. म्हणजे एका प्रोग्रामरच्या सोयीसाठी दरवाजाची कडी काढून ठेवायची. हे त्याला माहीत असून त्याने केलं तर एक वेळ ठीक. माहीत नसताना झालं तर?

आणि काही एक्स्टेन्शनमागे सोय नसते, कुंपण असतं. मायक्रोसॉफ्टने आपल्या जे++ मध्ये जावा भाषेत ‘डेलिगेट’सारखे स्वतःचे शब्द घातले. ते वापरलेला प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्याच जावावर चालणार. जावाचा सगळा दावा ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ असा होता. मायक्रोसॉफ्टची जावा आपल्या करारातल्या जावाशी जुळत नाही, म्हणून सन कंपनीने १९९७ मध्ये खटला भरला आणि २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. ‘डेलिगेट’ ही कल्पना वाईट नव्हती. पुढे सी शार्पमध्ये ती सन्मानाने आली. वाईट होतं ते दुसऱ्याच्या भाषेच्या नावाखाली आपली बोली विकणं.

मी केलेली चूक

इथवर मी पुस्तकी बोलतोय. मला हे सगळं खरं कळलं ते पहिल्या नोकरीत. कंपनी छोटी, मोटर कंट्रोलर बनवणारी. ८०५१ वरचा जुना कोड नव्या एआरएम चिपवर न्यायचा होता, आणि ते काम माझ्याकडे आलं.

जुन्या कोडमध्ये पानोपानी एक्स्टेन्शन होती. नव्या कंपायलरला त्यांतलं काहीच कळेना. मी इंटरनेटवर सर्रास सापडणारा उपाय केला. एक हेडर फाइल केली आणि तिच्यात ते सगळे शब्द ‘डिफाइन’ने निकालात काढले. ‘एक्सडेटा’ म्हणजे काहीच नाही. ‘युजिंग’ म्हणजे काहीच नाही. ‘बिट’ म्हणजे एक बाइटचा अनसाइन्ड कॅरेक्टर. शेकडो एरर दहा मिनिटांत शून्यावर आल्या. मी खूश होतो. हा मूळ कोड सी नव्हताच, मी त्याला सी केलं, असं मी चहाच्या टपरीवर सांगितल्याचंही आठवतं.

बेंचवर टेस्ट करताना मोटर लिमिट स्विचपाशी थांबली नाही. पुढे गेली आणि कपलिंग तुटलं. जवळ कोणाचा हात नव्हता, म्हणून हे आज मी एवढ्या शांतपणे लिहू शकतोय.

कारण शोधायला मला दीड दिवस लागला. जुन्या कोडमध्ये पोर्टवरून वाचलेल्या आकड्यातला तिसरा बिट वेगळा काढून ‘लिमिट’ नावाच्या ‘बिट’ व्हेरिएबलमध्ये ठेवला होता, आणि पुढे ‘लिमिट बरोबर १ असेल तर थांब’ अशी अट होती. जुन्या कंपायलरमध्ये ‘बिट’ हा खरोखर एका बिटाचा टाइप होता. त्यात शून्य सोडून काहीही टाकलं, की १ व्हायचं. माझ्या एक बाइटच्या नव्या ‘बिट’मध्ये तिसऱ्या बिटाची किंमत जशीच्या तशी बसली: ४. आणि ४ म्हणजे १ नव्हे. अट कधीच खरी होणार नव्हती. नवा कंपायलर एक अक्षर बोलला नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं रीतसर सी होतं.

तो कोड मुळात लिहिणारे आमचे सिनिअर सर होते, निवृत्तीला आलेले. मी त्यांना बग दाखवला. ते चिडले नाहीत. म्हणाले, “अरे, शब्द काढलास ते ठीक. त्याचा अर्थ कुठे ठेवलास?”

उत्तर स्टँडर्डमध्येच होतं. सी९९ पासून सीमध्ये बूल टाइप आहे, आणि त्यात शून्याखेरीज काहीही टाकलं की १ होतं. सरांच्या बोलीतल्या शब्दाला प्रमाणभाषेत नेमका प्रतिशब्द होता. मी तो शोधला नाही, कारण स्टँडर्डबाहेरचं ते सगळं कचरा असं मी धरून चाललो होतो. टर्बो सीने मला एका बाजूने फसवलं होतं, त्याचा राग मी दुसऱ्या टोकाला जाऊन काढत होतो.

बोला, पण नाव घेऊन

तेव्हापासून माझं मत असं झालं आहे: कंपायलरांनी एक्स्टेन्शन सांभाळावीत, पण मुकाट्याने नाही. प्रत्येक एक्स्टेन्शन वापरणाऱ्याने नाव घेऊन मागावं, आणि नाव न घेता वापरलं तर कंपायलरने बोलावं.

यात नवीन काही नाही. सीचं स्टँडर्ड हेच सांगतं. ते कंपायलरला एक्स्टेन्शन द्यायची मोकळीक देतं, अट एवढीच की नियमात बसणाऱ्या प्रोग्रामचा अर्थ बदलता कामा नये. आणि भाषेचे व्याकरणाचे नियम मोडणारं काही दिसलं, तर कंपायलरने निदान एक संदेश दिला पाहिजे. पुढे तो प्रोग्राम चालवून घेतला तरी हरकत नाही. म्हणजे ‘चालेल, पण सांगेन’ हा स्टँडर्डचाच तोडगा आहे.

जीसीसीवरची माझी मुख्य तक्रार इथे आहे. तुम्ही काहीच न सांगता जीसीसी चालवला, तर तो स्टँडर्ड सी वाचत नाही, ग्नू सी वाचतो. फार वर्षं तो मुळातला प्रकार ग्नू९० होता, २०१५ च्या आवृत्ती ५ पासून ग्नू११, आता आवृत्ती १५ मध्ये ग्नू२३. बरं, तुम्ही मुद्दाम ‘मला सी११ हवं’ असं सांगितलंत तरी बरीचशी एक्स्टेन्शन गुपचूप चालूच राहतात. स्टँडर्डशी थेट भांडणारी तेवढीच बंद होतात. खरोखर संदेश हवे असतील तर ‘पेडँटिक’ नावाचा वेगळा पर्याय द्यावा लागतो. पेडँटिक म्हणजे काथ्याकूट करणारा. ज्या वागण्याची अपेक्षा स्टँडर्ड करतं, त्याला कंपायलरने काथ्याकूट म्हणावं, यातच त्याची वृत्ती दिसते.

याहून बरी पद्धत अस्तित्वात आहे. हॅस्केल भाषेच्या जीएचसी कंपायलरमध्ये एक्स्टेन्शन हवं तर फाइलच्या माथ्यावर त्याचं नाव लिहायचं. फाइल उघडली की पहिल्या चार ओळींत कळतं, इथे कोणती बोली चालू आहे. हॅस्केल २०१० च्या स्टँडर्डमधून ‘एन अधिक के’ पद्धतीचे पॅटर्न काढून टाकले, पण जीएचसीने ते फेकले नाहीत. नाव घ्या, मिळतील. रस्टमध्ये तर अपुरी राहिलेली वैशिष्ट्यं फाइलमध्ये नावाने मागावी लागतात आणि स्थिर कंपायलर ती देतच नाही. तिथेही लिनक्स कर्नलच्या रस्ट कोडला काही गोष्टी आत्ताच लागतात म्हणून मागचं दार वापरावं लागतं. गरज कायद्यापेक्षा जुनी असते. पण दार मागचं आहे, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे.

आता आक्षेप. पहिला: इतक्या वॉर्निंग आल्या की लोक वाचत नाहीत. खरं आहे. म्हणून मी प्रत्येक ओळीला वॉर्निंग मागत नाही. फाइलच्या माथ्यावर एकदा नाव लिहिलं, की त्या फाइलपुरता विषय संपला. दुसरा: कोट्यवधी ओळींचा जुना कोड एका रात्रीत मोडेल. नको मोडायला. जुनी आवृत्ती मागणाऱ्याला जुनंच वागणं द्या. सक्ती फक्त नवी आवृत्ती मागणाऱ्यावर करा.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार: कधीच काही काढायचं नाही का? काढायचं. जीसीसीनेच ते करून दाखवलंय. कधीच ओळख न करून दिलेलं फंक्शन कोणी बोलावलं, तर जुन्या सीमध्ये ते इंटिजर परत देत असेल असं धरून चालायचे. सी९९ ने हे बंद केलं. जीसीसी मात्र वॉर्निंग देऊन चालवत राहिला, २०२४ मधल्या आवृत्ती १४ पर्यंत. म्हणजे पाव शतक. त्या काळात मशीन ६४ बिटांची झाली. फंक्शन प्रत्यक्षात पॉइंटर परत देत असेल, आणि कंपायलर त्याला ३२ बिटांचा इंटिजर समजत असेल, तर अर्धा पत्ता वाटेत गळतो आणि प्रोग्राम भलत्याच जागी जाऊन मरतो. मी टेस्टमध्ये ‘कोनिओ’ची ओळ काढल्यावर ‘क्लरस्कर’ कोण हे माहीत नसतानाही कंपायलरने पुढे सोडलं होतं. अडवलं ते शेवटच्या टप्प्यावरच्या लिंकरने.

आवृत्ती १४ ने ही एरर केली, तेव्हा फेडोरा आणि जेंटूच्या लोकांना ढीगभर जुनी पॅकेजं आधी दुरुस्त करावी लागली. त्यातही वाईट प्रकार वेगळाच होता. अनेक पॅकेजं बांधली जाण्याआधी छोटे चाचणी प्रोग्राम कंपाइल करून ‘या मशीनवर अमुक सोय आहे का’ हे तपासतात. ते चाचणी प्रोग्राम स्वतःच जुन्या सवयीने लिहिलेले. ते एरर देऊन पडले की उत्तर निघायचं ‘सोय नाही’, आणि पॅकेज कुरकुर न करता एक सोय कमी घेऊन बांधलं जायचं. मुकेपणा एकदा मुरला, की तो काढतानाही मुकेपणानेच चावतो. तरीही काढलं ते योग्यच केलं, असं मी म्हणेन. त्याला तिन्ही अटी लागू होत्या: ते धोक्याचं होतं, त्याला स्वच्छ पर्याय होता आणि लोकांना पुरेसा वेळ मिळाला होता. या तीन अटी पुऱ्या होत नसतील, तर काढण्याची घाई म्हणजे मी त्या हेडर फाइलमध्ये केलं तेच. शब्द जातो, अर्थ वाऱ्यावर.

नांव आणि नाव

मराठीत आपण हे पाहिलंय. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. ‘नांव’चं ‘नाव’ झालं. पण आजोबांच्या कपाटातली जुनी पुस्तकं आपण अडखळत का होईना, वाचतो. माणूस हा सोशिक वाचक आहे. अनुस्वार असला काय, नसला काय, तो संदर्भाने समजून घेतो. कंपायलरला संदर्भ कळत नाही. त्याला एक तर तो शब्द माहीत असतो किंवा नसतो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कधी कधी तो भलताच अर्थ घेऊन पुढे जातो. म्हणून माणसाशी बोलताना बोली कोणती हे सांगावं लागत नाही, यंत्राशी बोलताना सांगावं लागतं. आणि तो कोड दहा वर्षांनी उघडणाऱ्या पोरालाही सांगावं लागतं.

गेल्या दिवाळीत माझी मामेबहीण घरी आली होती. ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. लॅबमध्ये अजून तोच निळा पडदा. तिने तिचं प्रॅक्टिकल माझ्या लॅपटॉपवर चालवायला घेतलं. ‘कोनिओ’च्या ओळी काढल्या, मी तिला ‘पेडँटिक’ पर्याय लावून दिला. प्रोग्राम चालला, पण वर एक वॉर्निंग आली: मेन इंटिजर परत देत नाही.

“दादा, मग आमचे सर चुकीचं शिकवतायत?”

मी म्हणालो, “सर टर्बोची बोली शिकवतायत. ती बोली आहे एवढं सांगायचं राहून गेलंय.”

तिने ‘व्हॉइड’ खोडून ‘इंट’ केलं. मग जरा थांबून विचारलं, “परीक्षेत कोणतं लिहू?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तिला दोन्ही लिहायला शिकवलं, आणि कोणतं कुणासाठी हेही.